मोजदाद

इमानी, आधी हात.
पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळू दे,
मग ते हात कमरेखाली जाऊ द्यायचे नाहीत.
नाकाला खाज सुटेल. सुटू दे.
तेवीस वर्षं झाली,
माझं नाक हातमोजे चढल्यावरच जागं होतं.

टोलीडोत जानेवारीचे पावणेसहा म्हणजे रात्रच.
मॉमी नदीवर बर्फाचे पापुद्रे,
पार्किंगमध्ये माझी धरून अकरा गाड्या,
आणि आत, सहा नंबरच्या खोलीत,
निळ्या कापडावर माझी मांडामांड.
वाकड्या कात्र्या, सरळ कात्र्या, चिमटे चौदा,
गॉझ पाच-पाचाच्या गठ्ठ्यांत.
बर्नडेट मोठ्याने मोजते, मी मोठ्याने मोजते.
दोघींचं जुळलं की फळ्यावर आकडा.

आई काचेच्या कारखान्यात होती,
गाड्यांच्या काचांतले बुडबुडे हुडकायची.
कारखाना गेला. नजर तेवढी
मला देऊन गेली.

काल तू विचारलंस, यात पुढे काय?
कॉलेजच्या पुस्तिकेत आहे ना: मागणी वाढती, भवितव्य उज्ज्वल.
खोटं नाही ते.
माणसं म्हातारी होतायत, गुडघे झिजतायत,
उभं राहून राहून माझेही.
सुरुवातीला तासाला बावीस डॉलर,
रात्रीच्या बोलावण्याचे थोडे वर.
तीन वर्षांनी एखादी एजन्सी फोन करेल:
तेरा आठवडे ॲरिझोनाला चल, पैसे दुप्पट, खोली आमची.
मी दोनदा गेले.
वाळवंटातही आतडी तशीच असतात.
सर्जनची पहिली मदतनीस व्हायचं तर आणखी शिकावं लागतं.
माझा फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे,
अर्धा भरलेला,
मुलाचे दात येत होते तेव्हाचा.
आणि रोबो आला म्हणून घाबरू नकोस.
रोज सकाळी त्याच्या चारही हातांना
प्लास्टिकचे झगे मीच चढवते.
लहान मुलासारखा उभा असतो बापडा.

पुस्तिकेत नाही ते सांगते.

एकदा पोट शिवायची वेळ आली
आणि सुया भरल्या अकरा.
फळ्यावर बारा.
डॉक्टर हॉलोवे म्हणाले, पुन्हा मोजा.
अकरा.
म्हणाले, पुढची केस ताटकळलीय, मी शिवतो.
मी धाग्याची चिमटी हातात धरून ठेवली,
दिली नाही.
अकरा, डॉक्टर.
नऊ वर्षं त्यांच्या उजव्या हाताला उभी होते,
त्या दिवशी त्यांनी मास्कच्या वरून
पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
माझे पाय लटपटत होते, कापडाआड.
हात नाही.

एक्स-रेचं मशीन आलं. पोटात काही नव्हतं.
बर्नडेट गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिली.
चाळीस मिनिटांनी सुई सापडली
शिकाऊ डॉक्टरच्या बुटाच्या तळव्यात.
कुणी काही बोललं नाही.
धागा मागताना हॉलोवे ‘प्लीज’ म्हणाले,
तेवढंच.

पेशंट ट्रक चालवायचा. गॅरी का जेरी.
सहा आठवड्यांनी दुकानात रांगेत माझ्यापुढे उभा,
त्याच्या बटाट्यांची पिशवी फाटली.
मी वाकून गोळा करून दिले.
थँक्यू, मॅम, म्हणाला, आणि एक हात पोटावर ठेवून
सावकाश चालत गेला.
नऊ होते बटाटे.
आता ही खोडच आहे:
जिन्याच्या पायऱ्या, चर्चमधल्या मेणबत्त्या,
झोपलेल्या नवऱ्याचे श्वास.

पगार पुरतो का, तर पुरवावा लागतो.
नाव कुणाला कळतं का, तर नाही.
सोडावंसं वाटतं का?
मंगळवारी. बहुतेक मंगळवारी.

चल, साडेसात झाले.
पित्ताशय आहे, एकोणसत्तर वर्षांची बाई,
आत येताना तिचा हात थरथरत असेल,
तो धरायला बर्नडेट आहे. तू धरू नकोस,
तुझे हात आता तुझे नाहीत.
हातमोजे साडेसहा नंबरचे ना?
बर्नडेटला दोन जोड्या उघडायला सांग.
एक फाटतेच.